रेशमी दोऱ्याची गाठ

बायको गेल्याचं मला चष्मेवाल्याकडून कळलं. मंगळवार होता, मी दुकानात एका कोटाची कॉलर उलटत होतो. ती प्रयोगशाळेत टेबलाशीच कोसळली. शेवटचं बोलली ती त्याच्याशी. नवरा मी, आणि मला नुसता फोन.

चष्मेवाला म्हणजे तिथले डॉक्टर. बारा वर्षं दोघं शेजारी बसून काम करायची. ऑपरेशनमध्ये काढलेल्या हृदयाच्या स्नायूची बारीक पट्टी कोमट खारट पाण्यात टांगायची, वरचं टोक रेशमी दोऱ्याने मोजणाऱ्या यंत्राला बांधायचं आणि पाण्यात सेरोटोनिन नावाचं रसायन सोडायचं. मग पट्टी आपणहून आकसून दोरा जरा जोरात ओढायची, फार नाही.

"स्नायूच्या आत एक एन्झाइम असतं," ती जेवताना सांगायची. "सेरोटोनिनचा निरोप आत नेणारा जो असतो, त्यालाच ते मोडून टाकतं. त्या एन्झाइमला औषधाने अडवलं की तेवढ्याच सेरोटोनिनवर पट्टी कितीतरी जोरात ओढते."

"हे डॉक्टरांनी शोधलं वाटतं?"

"आम्ही दोघं बघतोय. तुम्हाला का मिरच्या झोंबल्या, शिंपीबुवा?"

झोंबायच्याच. कापडाबद्दल बोलताना तिचा चेहरा कधी असा खुलला नाही.

महिन्याने डॉक्टर दुकानात आले. हातात तिचा धुतलेला पांढरा कोट. तो यांनी का धुवावा?

"दोन जातींची एन्झाइम तपासायची होती," ते उभ्यानेच म्हणाले. "पहिलीचं काम झालं. दुसरीचं अडलंय, त्यांच्या वहीत पुढचं पान तसंच आहे. पट्टी ओढायला लागली की गाठीतून निसटते."

"मग नीट बांधा. शिकलेले आहात ना?"

"गाठ त्या स्वतःच बांधायच्या. आम्ही शिकवा म्हटलं की म्हणायच्या, ही गाठ माझ्या नवऱ्याची आहे, त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही."

मी सुई खाली ठेवली. लग्नानंतर पहिल्या वर्षी, कोटाला हूक लावताना मी तिला ती गाठ शिकवली होती. मला तिने कधीच विचारलं नाही.

"गुरुवारी याल का?" डॉक्टर म्हणाले.

"बघतो."

तिच्याकडची एवढी एकच गोष्ट यांच्या वाट्याला गेली नव्हती.

तीन गुरुवार झाले. तिच्या वहीत दुसऱ्या एन्झाइमचं पान कोरं आहे, आणि मी अजून ती गाठ शिकवायला गेलेलो नाही.