तपासल्याची तारीख

इंटरनेटच्या शोधात घसरलेली पानं वर काढण्यात लॉर्नाचा हात धरणारं अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या त्या ऑफिसात कुणी नव्हतं. फळं-भाज्या शिजवून हवाबंद बरण्यांत वर्षभर कशा टिकवायच्या, हे सांगणारी त्यांची वेबसाइट. पान जुनं झालं की शोधात खाली जायचं आणि वाचक आटायचे. मग लॉर्नाने ते वाचायचं, कृती नव्या नियमांशी पडताळायची आणि सगळ्यात शेवटी वर तारीख टाकायची, 'लॉर्ना हेस्केट यांनी तपासलं.'

ऑगस्टमध्ये तिच्या यादीत चाळीस पानं होती. टोमॅटोच्या पानाचं तिने शीर्षक बदललं, नवा फोटो लावला, पहिल्या दोन ओळी फिरवल्या आणि तारीख टाकली. कृती वाचलीच नाही. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं. तीन आठवड्यांत पान पहिल्या नंबरावर गेलं. तिचा साहेब कर्टिस खूश होऊन डोनट घेऊन आला आणि तिने चांगले दोन खाल्ले.

मग केंटकीहून आयडेल स्ट्राउड नावाच्या बाईंची मेल आली.

"तुमचं पान गेल्या वर्षीही बघितलं होतं, पण त्यावर फार जुनं साल होतं म्हणून सोडून दिलं. यंदा तुम्ही तपासलेलं दिसलं, म्हणून सव्वीस बरण्या भरल्या. शेजारीण म्हणते, लिंबाचा रस घातल्याशिवाय टोमॅटो ठेवू नयेत, आत विष तयार होतं. मी म्हटलं, बाई गं, तू शहाणी की ती तपासणारी? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचंच चुकतंय ना?"

लॉर्नाने ते पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. लिंबाच्या रसाचं नावही नव्हतं. तिने कर्टिसला बोलावून मेल दाखवली.

"गुपचूप लिंबू घाल आणि मोकळी हो," कर्टिस म्हणाला. "बोभाटा केलास तर पान जाईल तळाला, आणि वरचे साहेब तुलाही घरी पाठवतील."

"आणि ज्यांनी बरण्या भरल्यात त्यांचं काय?"

"कुणी आजारी पडल्याचं ऐकलंयस का?"

"अजून फळीवरच आहेत त्या, कर्टिस. हिवाळ्यात उघडतील."

कर्टिस निघून गेला. लॉर्नाने त्याला न विचारता पानाच्या डोक्यावर लिहिलं, 'या कृतीने भरलेल्या बरण्या फेकून द्या. मी न वाचताच तारीख टाकली होती.' खाली नाव घातलं. तेच आयडेलबाईंना कळवलं. लाज वाटत होती, पण थोडं हलकंही वाटलं.

संध्याकाळी उत्तर आलं.

"बरण्या फेकल्या. शेजारणीची माफी मागून आले, तिने कॉफी दिली. आता तुमचं पीचचं आणि घेवड्याच्या शेंगांचं पान समोर आहे. त्यांवरही तुमचंच नाव दिसतंय. ही तरी वाचली होतीत का?"

लॉर्नाने यादी उघडली. चाळीसही पानांसमोर तिने स्वतः टाकलेल्या तारखा होत्या. डोकं धरून आठवत बसली, तेव्हा नऊ पानं वाचल्याचं आठवलं. घेवड्याच्या शेंगा त्यांत नव्हत्या.