मागच्या हँडलवरचा ब्रेक

काचवाल्याच्या बायकोची नजर एकदम गेली नाही. आधी कडा पुसट झाल्या, मग माणसांचे चेहरे गेले, आणि शेवटी उजेड आहे की नाही एवढंच कळत राहिलं. पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या फोनवर ती आधीपासून बसायची, नंतरही बसत राहिली. गाव समुद्राकाठचं, पण सपाटी फक्त बंदरापुरती. बाकी घरं टेकड्यांवर एकाच्या डोक्यावर एक. वरच्या आळ्यांत पाणी चढायचं नाही आणि तिचा फोन थांबायचा नाही.

"अहो बाई, नळाला नुसती हवा येतेय!"

"हवेचं बिल लावत नाही आम्ही," ती म्हणायची, आणि पलीकडचा माणूस भांडायचं विसरून हसायचा.

सायकल मात्र सुटली. लग्नाआधीपासून दोघांनाही आसपासच्या रस्त्यांचं वेड होतं. खरं तर लग्न जमलं तेच एका चढावर, तिने त्याला मागे टाकल्यावर. नजर गेली तशी तिने आपली सायकल देऊन टाकली आणि पुन्हा तो विषय कुणाला काढू दिला नाही. मग एका रविवारी सकाळी काचवाला तिला दाराबाहेर घेऊन आला आणि तिचा हात एका हँडलवर ठेवला. हँडलपुढे सीट होती, आणि त्या सीटपुढे आणखी एक हँडल. बंदरावर सायकली दुरुस्त करणारा त्याचा मित्र शेजारीच उभा होता. त्याला सगळे पान्हा म्हणत. त्याने कुठूनशी जुनी जोडसायकल पैदा करून धडधाकट केली होती.

"मी मागे नुसतं ओझं होऊन बसणार नाही," ती म्हणाली.

"बसताच येणार नाही तुला," पान्हा म्हणाला. "त्याचे पाय फिरले की तुझे फिरणार. अंगचोरपणा केलास तर लगेच कळेल त्याला."

तेव्हापासून रविवार त्यांचा झाला. कधी दीपगृहाला वळसा, जिथे वारा समोरून छातीवर यायचा. कधी दगडाच्या खाणीवरून, खडबडीत रस्त्याने. आणि दम असेल तेव्हा खिंडीचा मोठा चढ. काचवाल्याचं तोंड अख्ख्या रस्त्यात बंद नसायचं. समुद्र कसा दिसतो हे तो दोन शब्दांत उरकायचा, पण खिडक्या आल्या की रंगात यायचा. "हा कोपऱ्यावरचा बंगला. वरची काच मी बसवलेली. खालची कुण्या गाढवाने बसवलीय, अर्धं आभाळ वाकडं दिसतंय तिच्यात." मागे बसून ती हसायची आणि पॅडल मारायची.

पहिल्यांदा कळलं ते तिलाच. खिंडीच्या चढावर नेहमी जिथे दोघांचा जोर एकत्र लागायचा, तिथे पॅडल जड झालं. तिला वाटलं, गिअर चुकला असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याचे पाय फिरत होते, पण फिरवत तीच होती.

"अरे, आज झोप झाली नाही का तुझी?" तिने विचारलं.

"वय झालं. तू अजून तरुण आहेस, मार."

तिने मारलं. दोनतीन रविवार ती जास्त जोर लावत राहिली. मग एका दुपारी दुकानात त्याच्या हातून काच सुटली. नवी कोरी, मापात कापलेली. इतक्या वर्षांत त्याच्या हातून काच पडल्याचं तिने ऐकलं नव्हतं. संध्याकाळी तिने त्याचा हात हातात घेतला आणि अंगठ्याखालचा भाग चाचपला. तिथे गुबगुबीत मांस असायचं. आता खळगा होता.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली.

डॉक्टर चांगला होता, त्याने लपवाछपवी केली नाही. मेंदूकडून स्नायूंना निघालेले निरोप वाटेतच मरतायत, म्हणाला. आधी हातपाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध असं नाही. घरी येताना बसमध्ये दोघं जवळ जवळ बसले. काचवाला म्हणाला, "म्हणजे आता ओझं मी."

"गप रे," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि मग बसभर लोक असताना ती रडली.

सायकल त्यांनी सोडली नाही. त्याच्या बोटांना ब्रेक आवळेनात, तेव्हा पान्ह्याने ब्रेक काढून तिच्या हँडलवर बसवला. काम संपल्यावर म्हणाला, "हे कुणाला सांगू नका, मला वेड्यात काढतील." आता रस्ता तो बघायचा, जोर ती लावायची, आणि उतारावर तो ओरडायचा, "ओढ!" की ती ब्रेक ओढायची, "सोड!" म्हणाला की सोडायची. दीपगृहाचा रस्ता, खाणीचा रस्ता, सगळं जमलं. लोक वळून बघायचे. तो सांगायचा, "बघतायत. हात हलव." ती हात हलवायची.

मग त्याची जीभ जड होऊ लागली. तिला त्याचं बोलणं इतरांपेक्षा जास्त कळायचं, म्हणून तिने फारसं मनावर घेतलं नाही. खाणीच्या उतारावर, शेवटच्या वळणाच्या आधी, तो काहीतरी ओरडला. तिने ऐकलं "सोड". तो म्हणाला होता "ओढ".

दोघं खडीत पडले. तिचे कोपर सोलवटले. त्याचं खांद्याचं हाड मोडलं.

त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावाहून धावत आली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच कडाडली. "एकाला दिसत नाही, एकाला धरवत नाही, आणि निघाले घाट उतरायला! तुम्हाला काही अक्कल?" बायकोने ऐकून घेतलं.

ताई राहिली ती राहिलीच. खांदा जुळला, पण काचवाला पुन्हा उठला नाही. हिवाळा सरता सरता त्याचा आवाज पूर्ण गेला. फक्त पापण्या उरल्या. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. घरात हे सगळ्यांना दिसायचं, बायको सोडून. तिने काही विचारायचं, ताईने बघून सांगायचं. "हो म्हणतोय." "नको म्हणतोय." ताई चोख होती, पण नवराबायकोच्या मधे बसून काय काय विचारणार? पाणी हवं का, कूस बदलू का, एवढंच. आयुष्यभर ज्याची बडबड कानावर घेत ती जगली, तो हाताच्या अंतरावर पडलेला, आणि ती त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

एका दुपारी ताई बाजारात गेली. बायकोने त्याचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता तिच्या बोटाला काहीतरी फडफडलं. ती थांबली. बोटाचं टोक तिने हलकेच त्याच्या पापणीच्या केसांवर टेकवलं.

"ऐकू येतंय ना तुला?"

पापणी मिटली, उघडली. एकदा.

तिला हसू आलं आणि हुंदकाही. तिने खूप काही विचारलं. दुखतं का, ताईचा राग येतो का, मिश्या कापलेल्या आवडल्या नाहीत ना. मग जे इतके महिने विचारायचं राहिलं होतं ते.

"त्या वळणावर माझ्यामुळे झालं का रे?"

दोनदा. लगेच. मग पुन्हा दोनदा, जणू तिला पहिलं पटलं नसेल म्हणून.

"आपण गेलो ते चुकलं का?"

पुन्हा दोनदा.

ताई पिशवी घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. त्या दिवसापासून दुपारी तिला बाजारात रोज काही ना काही काम निघू लागलं.

पावसाळा लागायच्या आत तो गेला. सकाळची वेळ होती, खिडकी उघडी होती. बायकोचं बोट त्याच्या पापणीवर होतं. ती ऑफिसातली एक गंमत सांगत होती. ऐकतोयस ना, असं तिने विचारलं, आणि उत्तर आलं नाही. तिने तेच पुन्हा विचारलं. मग पुन्हा. शेवटी ताईने येऊन तिचा हात हळूच बाजूला घेतला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला.

बायको महिन्याभराने पुन्हा कामावर गेली. जोडसायकल पान्ह्याने दुकानात नेली आहे. विचारायला आलेल्या एका जोडप्याला त्याने विकाऊ नाही म्हणून वाटेला लावलं. "पुढे मी बसतो, चल एकदा," असं तो तिला म्हणाला होता. ती म्हणाली, बघू. अजून गेलेली नाही. ताईही आपल्या गावी परतलेली नाही. संध्याकाळी दोघी हात धरून बंदरापर्यंत चालत जातात, आणि ताईला दम लागला की धक्क्याच्या कठड्यावर टेकतात.