वाटेच्या तोंडावरचं वावर

मालनबाई दोन दिवस पंपावर रांगेत बसली, तेव्हा कुठे एक डबा डिझेल पदरात पडलं. चौऱ्याहत्तर साल नुकतंच लागलं होतं, अरबांनी तेल आखडलं होतं आणि डिझेलला तुपाचा भाव आला होता.

डबा घेऊन ती पुणतांब्याला परतली, तर गोदावरीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. तिचं वावर नदीला लागून, आणि तिथं जायची वाट एकच, चुलत थोरले दीर आबासाहेब यांच्या वावरातून. गाडीत घातल्याशिवाय पाणी उपसायचं इंजिन नदीवर जाणार नव्हतं आणि इंजिनाशिवाय गव्हाला पाणी नव्हतं. दुष्काळानंतरचा हा पहिलाच गहू. चार दिवसांत पाणी मिळालं नाही, तर ओंबीत दाण्याऐवजी कोंडाच राहणार होता.

तुझ्या बैलानं माझ्या हरभऱ्याला तोंड लावलं, असा आबासाहेबांचा निरोप होता. हरभरा म्हणे! त्या खडकाळ पट्टीत कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं.

संध्याकाळी चार माणसांत गाऱ्हाणं घालावं म्हणून ती मारुतीच्या पाराकडे गेली. तिथं शाळेतले गोरक्ष गुरुजी पेपर वाचून दाखवत होते. समोर जगाचा नकाशा पसरलेला. आबासाहेबही बसलेले.

"इजिप्तात ह्या टोकाला आहे काय? वाळू," गुरुजी म्हणाले. "पण ती दोन समुद्रांच्या मधे पडली, म्हणून तिथल्या कालव्याला किंमत. सहा वर्षं तो बंद आहे, तर जहाजांना सगळ्या आफ्रिकेला वळसा पडतो. तेलाच्या आखाताचं तोंडही असंच चिंचोळं. मुलूख कसा आहे यापेक्षा तो कुठं पडलाय, त्यावर त्याचा दरारा."

"ह्यात त्यांचं कर्तृत्व काय?" आबासाहेब उसळले. "जागा देवानं दिली. तिच्यावर बसून दुनियेचा गळा आवळायचा, ह्यो नीचपना झाला. आठ दिस माजं इंजिन बंद हाय, गहू तहानलाय ह्या लोकांपायी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मालनबाईच्या अंगाची लाही लाही झाली. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नव्हती आणि तिनं ती अकरा वर्षं पाळली होती. पण गहू वाळायला लागल्यावर रीत काय चाटायची? डोईवरचा पदर ओढून ती पाराशी आली.

"गुरुजी, त्या नकाशात आमची गाडीवाट बी काढा. खडकाची पट्टी हाय, पर वाटंच्या तोंडावर हाय. तिथं बसून गळा आवळनारं मानूस काई लांबच्या मुलखातलं न्हाई."

कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. आबासाहेब टोपी झटकून उठून गेले.

सकाळी ते तिच्या अंगणात उभे. हातात रिकामा डबा.

"मालन, अर्धं डिझेल दे. वाट मोकळी करतो."

अस्सं! बैल आणि हरभरा हे नुसतं निमित्त होतं. हा माणूस तिच्या डब्यावर टपला होता.

"आबा, मागाया आला अस्तात तर रांगंतनं आल्या आल्या दिलं अस्तं. भावकी हाय. पर वाटंची जकात म्हून थेंब मिळनार न्हाई. तुमच्या बापानं ह्या वाटंवर कधी काटी टाकली न्हाई."

"मंग गहू वाळंल तुजा."

"वाळू द्या. तुमचा बी वाळंल. आदी काट्या काढा, मंग मागा."

आबासाहेबांनी रिकामा डबा काखेत मारला. मग ते वाटेकडे निघाले. मागून तिनं गाडी जुंपून आणली, गाडीत इंजिन आणि डिझेल. आबासाहेबांनी एकेक काटी ओढून बांधावर रचली. तळहातातून रक्त आलं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"आता दे," ते खालमानेनं म्हणाले.

तिनं अर्धं डिझेल त्यांच्या डब्यात ओतलं, थेंब न सांडता. मग बांधावरच्या ढिगाकडे बघितलं. चांगला नीट रचलेला ढीग होता, पुन्हा टाकायला हाताशी येईल असा.

"त्या काट्या गाडीत टाका, आबा."

"कशाला?"

"चुलीला."

शेवटची काटी गाडीत पडेपर्यंत तिनं बैलांचा कासरा सोडला नाही.