खिंडीतली हाक

वाटाड्याने सुपाचा वाडगा तोंडाला लावला आणि त्याच्या काळजात धस्स झालं. सकाळी खिंडीतून हाक द्यायची राहिली होती.

त्या डोंगरातल्या गावांची जुनी रीत होती. ज्या घरी मुक्काम केला, त्या घरासाठी खिंड ओलांडताना घसा ताणून हाक द्यायची. ती ऐकली की मगच घरचे जेवायला बसत. नाही आली, तर अख्खं गाव दोर घेऊन शोधायला निघे. कधीपासूनची रीत, देव जाणे, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या साली हाच शहाणा विसरला होता. गाव वर धावलं, त्याचा मावसभाऊ घसरला आणि कायमचा लंगडा झाला. तेव्हा वडीलधाऱ्यांनी तोंडावर सांगितलं, "पुन्हा विसरलास, तर आमच्या गावात पाऊल टाकायचं नाही." गाव बंद म्हणजे वाट बंद. वाट बंद म्हणजे याचा धंदा बसला.

आज तो डोंगर दाखवायला नेत असलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईंना खिंडीत चक्कर आली. त्यांना पाणी पाज, त्यांचं ओझं उचल, या गडबडीत स्वारी तशीच खाली उतरली. कारण खरं होतं, पण हाक मारायला असा किती वेळ लागतो हो? वर हा बाबा सूप प्यायला बसला, आणि तिकडे, रात्री जिथे मुक्काम केला त्या मावशीच्या घरात, चूल थंड.

"यांच्याकडे बघ," असं पाहुण्यांसोबतच्या स्वयंपाक्याला सांगून तो उलट्या पावली निघाला. आता गाव दोर घेऊन समोरून येणार, पहिला लंगडत मावसभाऊ येणार. काय सांगायचं, कसं सांगायचं, हे तो घोकत चढला. वाटेत चिटपाखरू भेटलं नाही, म्हणजे गाव अजून निघालंच नव्हतं.

खिंडीत तो थांबला. खाली मावशीचं छप्पर दिसत होतं. आता हाक दिली तर सगळ्या गावाला कळणार, सकाळी दिली नव्हती. त्याने तोंड मिटून घेतलं आणि भराभर उतरला.

वेशीजवळ मावसभाऊ लाकडं फोडत होता. "परत कसा रे? काही राहिलं का? या खेपेला हाक वेळेवर दिलीस म्हणे. आईने ऐकली, आम्ही सगळे जेवलो."

वाटाड्या तसाच मावशीच्या घराकडे वळला. लंगड्या पायाकडे बघायची त्याला हिंमत होईना.

मावशी मागच्या दारी खिंडीकडे तोंड करून बसली होती. त्याला बघताच उठली, पाठीत जोरात धपाटा घातला, आणि हात तिथेच ठेवून रडायला लागली.

"मावशी, तू जेवलीस का?"

"घास उतरेल का मला? मी सांगितलं सगळ्यांना, हाक ऐकली म्हणून. नाहीतर तुला गाव बंद झालं असतं. वाटलं, विसरला असेल मेला, नेहमीसारखा." तिने पदराने नाक पुसलं. "आणि मग मनात आलं, खरंच दरीत पडला असला तर? मीच गावाला थांबवलं. दिवसभर इथे बसून मी तुला मारत होते रे, माझ्या हातांनी."

"चुकलो मावशी. माझ्यासारखा नालायक मीच. आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगतो."

"ते तुझं तू बघ." ती खाली बसली. "पण आत्ता खिंडीत आलास, तेव्हा तरी हाक द्यायची. मी कान लावूनच बसले होते."