हिरवी तीट

दात घासायचा जुना ब्रश, अर्धे केस गळालेला.

नऊ. आकडा साधाच, पण अक्षर बिघडलं की एकासारखा दिसतो.

“ताई, चांगले कपडे घाल. भांडायला चाललीयस, भाजी आणायला नाही.”

नखाएवढा दगड.

एका पाठ्यपुस्तकाच्या सहा आवृत्त्या, प्रत्येकीत पान दोनशे बारावर एक जबडा. सातव्या आवृत्तीत तो नाही.

यातलं शेवटचं त्या सकाळी कळलं आणि बाई धाकट्या बहिणीच्या गाडीतून तडक संग्रहालयात येऊन थडकल्या.

दगडात अडकलेली हाडं मोकळी करण्यात बाईंची चाळीस वर्षं गेली होती. कार्यशाळेत त्यांना हाडवैद्यीणबाई म्हणत, तेही तोंडावर. त्यांची एक खोड होती. हाड सुईने आणि त्या जुन्या ब्रशने कितीही लखलखीत केलं तरी एका कडेला नखाएवढा दगड तसाच ठेवायचा. “बाईंनी तीट लावली, आता दृष्ट लागायची नाही,” असं म्हणून लोक खिदळायचे. बाई खिदळणाऱ्यांकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

जबडा टेबलावर होता, शेजारी घासायचं यंत्र. संचालक उभे राहिले. सुई कशी धरायची ते त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

“बसा ना, बाई.”

“बसायला नाही आले. हे यंत्र कशाला?”

“नव्या दालनात मांडायचाय. तो खडबडीत कोपरा वाईट दिसतो. आणि पाटीही बदलतोय. पाठ्यपुस्तकानंही जबडा वगळला तो माझ्या लेखामुळेच. वाचलात ना लेख?”

“वाचला. व्याकरण सुधारलंय तुझं.”

“बाई, नोंदवहीत स्वच्छ लिहिलंय, थर एक. सगळ्यात वरचा, लाल. तुम्ही आयुष्यभर सांगितलंत थर नऊ, म्हणून हा प्राणी एवढा जुना ठरला. इतकी मोठी चूक पचवायची कशी?”

“पचत नसेल तर चावत बस.” बाईंनी जबड्याचा ट्रे उचलला आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. “बसले बघ. आता लाव यंत्र.”

“रखवालदाराला बोलवावं लागेल मला.”

“बोलव की! सांग, सत्तरीची म्हातारी मांडीवर जबडा घेऊन बसलीय. तो आधी स्वतःच्या आईला फोन करील.”

संचालकांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं.

“या तिटीचा रंग सांग,” बाई म्हणाल्या.

“हिरवट.”

“लाल थरात हिरवा दगड कुठून आला रे?”

“नवव्यासारखा चौथा थरही हिरवट आहे, बाई. नुसत्या रंगावर कोण विश्वास ठेवणार?”

“शाबास. हे मीच शिकवलंय. आता भिंग घे.” त्यांनी ट्रे पुढे केला, सोडला मात्र नाही. “चौथ्यात शिंपले नाहीत. पहिल्यातही नाहीत. मोज.”

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाहेर गॅलरीत कुणीतरी फरशी पुसत होतं, बादलीची कडी वाजत होती.

“तीन,” ते म्हणाले. “मोहरीएवढे.”

“नवव्याशिवाय कुठं सापडतात?”

संचालकांनी यंत्राची वायर भिंतीतून काढली.

“तपासणी करावी लागेल. महिनाभर तरी.”

“कर. तोवर याला कुणी हात लावणार नाही, असं कागदावर लिहून दे. सहीसकट.”

सही करता करता त्यांनी विचारलं, “आणि वहीतला आकडा? तो चुकला कसा, हे कोणी सांगायचं?”

“ते मी लिहीन, नावानिशी. तुझ्या लेखाखालीच छापायचं. पण चूक वहीची आहे, हाडाची नाही. हाडाला शिक्षा कशाला?”

बहीण गाडीत ताटकळली होती.

“मिटलं का, ताई?”

“छे. आता कुठं सुरू झालंय.” बाईंनी सहीचा कागद घडी करून पर्समध्ये कोंबला. “उद्या पुन्हा आण मला. महिनाभर रोज येणार आहे.”

“रोज?”

“तपासणारा चुकला तर?”

चौतीस वर्षांपूर्वी, जबडा सापडला त्याच दिवशी, बाई कड्यावरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मोडला. वहीतला नऊ त्यांनी डाव्या हाताने लिहिला.