गुरुवारच्या खोलीतला हिरवा पडदा

साहेब, मला भंगारात काढायच्या कागदावर तुम्ही सही केलीत. वाचून केलीत की न वाचता? न वाचता केली असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा. वाचून केली असेल, तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे. तपासताना पेशंटच्या आडोशाला उभा करतात तो. तीन घड्यांची लोखंडी चौकट, हिरवं कापड आणि खाली चाकं. त्यातलं एक जन्मापासून कुरकुरतं. मला जोडणाऱ्या वेल्डरने "चालतंय की" म्हणून ट्रकमध्ये चढवलं, आणि खरंच चालतंय. एकतीस वर्षं.

इस्पितळात मला मागवून घेतलं ते एका तरुण डॉक्टरबाईंनी. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांना एक खोली हवी होती. मुलांचे डॉक्टर म्हणायचे, ही पोरं आता मोठी झाली. बायकांचे डॉक्टर म्हणायचे, या पोरी अजून लहान आहेत. मधल्यामध्ये पोरं लोंबकळत राहायची. बाईंनी चादरी ठेवायची खोली रिकामी करून घेतली आणि दर गुरुवारी तिथे बसू लागल्या. सहकारी चिडवायचे, गुरुवारी पाळीची शिकवणी का? बाई म्हणायच्या, "हो. तुमचीही राहिलीय, या."

खोलीचा नियम एकच. आई असो वा बाप, पहिली दहा मिनिटं बाहेरच्या बाकावर. आणि शिकाऊ डॉक्टरांना बाई पहिल्या दिवशी खुर्चीत बसवायच्या, उघड्यावर, सगळ्या सोबत्यांसमोर, आणि त्यांच्याच शरीराबद्दलचा एखादा खाजगी प्रश्न खणखणीत आवाजात विचारायच्या. भल्याभल्यांचे कान लाल व्हायचे. मग मला मध्ये ओढून तोच प्रश्न हळू विचारायच्या. आता उत्तर यायचं. कुठल्याही जाडजूड पुस्तकात हे नव्हतं. मी मात्र ते शेकडो डॉक्टरांना शिकवलं, आणि याचा मला गर्व आहे.

त्यांतला एक चार मिनिटांत पेशंट संपवायचा. दोस्तांनी त्याचं नावच चारमिनिटे ठेवलं होतं. हुशार, यात वाद नाही. एका गुरुवारी बाई वर्गात अडकल्या होत्या. पंधरा वर्षांची एक मुलगी आली, शाळेत चक्कर येऊन पडलेली. सोबत वडील. चारमिनिटेने मला भिंतीकडे सरकवलं, कारण मागे उभ्या आठ शिकाऊ सोबत्यांना दिसत नव्हतं. मग सगळ्यांसमोर विचारलं, पाळी नियमित? मुलीने वडिलांच्या चपलांकडे बघत हो म्हणून मान हलवली. त्याने लिहिलं, अशक्तपणा, परीक्षेची भीती. टॉनिक.

ती दारातून बाहेर पडत होती तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी तिचे पांढरे पडलेले ओठ पाहिले, कागद वाचला आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, जरा बाकावर बसा." मग मला खस्सकन ओढलं. मी कुरकुरलो.

"याला तेल नाही का घालत?" मुलीने विचारलं.

"मुद्दाम नाही घालत. कुणी सरकवायला गेलं तर आपल्याला कळतं."

मुलगी हसली. मग बोलली. एकोणीस दिवस झाले, रक्त थांबतच नव्हतं. दप्तरात ती जुना शर्ट फाडून ठेवायची. आई घरी आजारी, त्यात आपलं आणखी कशाला, म्हणून गप्प.

हिमोग्लोबिन निघालं चार. वडिलांना कसं सांगायचं ते बाईंनी तिलाच ठरवू दिलं आणि त्याच दिवशी तिला दाखल केलं. जन्मापासून तिचं रक्त नीट गोठत नव्हतं. टॉनिक घेऊन ती घरी गेली असती तर परत आली नसती. वडील म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर..." आणि आपणच थांबले. ती जगली. पुढे दर महिन्याला गुरुवारी एकटी यायची आणि जाताना माझ्या चाकाला पायाने टिचकी मारायची.

तिला दाखल केलं त्याच संध्याकाळी चारमिनिटे माझ्याआड येऊन बसला. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझा प्रश्न चुकला नाही. जागा चुकली." तेव्हा त्याने माझ्याच कापडाला डोळे पुसले, आणि नाकही. ते धुतल्यावर गेलं. पण मी विसरलो नाही.

बाई निवृत्त झाल्या. मी आधी खोलीच्या कोपऱ्यात गेलो, मग जिन्याखाली. माझ्यावर फरशी पुसायची फडकी वाळू लागली. आता हुकूम निघाला आहे. गुरुवारची खोली बंद, मी भंगारात. एक मोठा हॉल, दहा टेबलं, पडदा एकही नाही, म्हणजे पन्नास विद्यार्थ्यांना एकदम दिसेल.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी नुसतं म्हणणार नाही. एखादी वस्तू कशासाठी उभी होती ते आधी विचारा. मला खुशाल वितळवा, पण माझ्या जागी दुसरा आडोसा उभा करा.

आणि साहेब, हुकमाखालची ती सही मी ओळखतो. चारमिनिटेची आहे. उद्या त्या हॉलमध्ये एखादी मुलगी चपलांकडे बघत मान हलवेल, तेव्हा तुमचे विद्यार्थी कागदावर काय लिहितील?

उत्तर द्या. चार मिनिटं देतो.