विहिरीच्या कुलपाची किल्ली

आखाजीच्या चार दिवस आधी बद्रीनाथच्या ईमेलवरून दोनशे बारा लोकांना एक पत्र गेलं, आणि ते त्यानं पाठवलंच नव्हतं. त्या वेळी तो एका बादलीत अंघोळ उरकत होता. शहरात उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात तो नव्या इमारतींचे नकाशे काढून द्यायचा. तिथं पोचला तर गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. "बद्रीभाऊ, हे आबांचं काय धाडलं?"

त्यानं पत्र उघडलं. शब्द त्याचेच होते.

"अंबे, आबा शेवटी विहिरीचं पाणी मागत होते आणि विहिरीला कुलूप माझं होतं. यंदा आखाजीला येतो. आबांची घागर मीच भरतो."

खाली एक परकी ओळ होती. "घागरीचा फोटो पाहण्यासाठी इथे दाबा."

हे पत्र त्यानं तीन वर्षांपूर्वी, वडील, म्हणजे आबा, गेले त्या उन्हाळ्यात, बहिणीसाठी लिहिलं होतं. धाडायची छाती झाली नाही, म्हणून ईमेलच्या ड्राफ्टमध्येच पडू दिलं. सिल्लोडकडच्या गावातली घरची विहीर त्यानं टँकरवाल्याला दिली होती. शहरात इमारती उठत होत्या, त्यांना पाणी लागायचं. विहिरीवर लोखंडी जाळी बसली, कुलूप बद्रीनाथनं आपल्या हातानं लावलं. एक किल्ली टँकरवाल्याकडे, दुसरी त्याच्याकडे. नवरा वारल्यावर माहेरी राहिलेली अंबिका आबांच्या तोंडात हापशाचं खारट पाणी घालत राहिली. नंतर तिनं भावाशी बोलणंच टाकलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आबांची कुणीच भरली नव्हती.

खालच्या मजल्यावर संगणक दुरुस्त करणारा सत्यम वर आला.

"पासवर्ड काय होता?"

"खंडेराव. आबांचं नाव."

सत्यमनं कपाळावर हात मारला. "असं नाव कुणीही ओळखतं, साहेब. आत शिरायचं, जुनं पत्र उचलायचं, खाली आपली ओळ डकवायची. लोक डोळे मिटून दाबतात."

चोरानं आबांना हाक मारली आणि आबांनी दार उघडलं, असं काहीतरी बद्रीनाथच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो गॅलरीत गेला. परत येईतो सत्यमनं पासवर्ड बदलून बद्रीनाथच्याच नावानं सगळ्यांना कळवूनही टाकलं होतं. "आधीचं पत्र माझं नाही. ते खोटं आहे."

सगळ्यांत अंबिकाही होती. अंगणवाडीच्या कामामुळं ती फोनवर ईमेल बघायची. सकाळीच तिचं उत्तर येऊन पडलेलं त्याला आता दिसलं.

"ये भाऊ. वाट बघते."

तीन वर्षांनी त्यानं तिचा नंबर लावला.

"अंबे, पहिलं पत्र खरं हाय. दुसरं नको धरू."



"दोन्ही तुझ्याच नावानं आली," ती म्हणाली. "आता हा बोलतोय तो तरी तूच कशावरून? आवाज बी चोरतात म्हणं."

"मीच हाय गं. आबांची शपथ."

"शपथ नको. खरा बद्री असशील तर जाळीची किल्ली तुझ्याजवळ असंल. ती घेऊन ये."

फोन बंद झाला. किल्ली खिशातच होती, फ्लॅटच्या किल्लीशेजारी. तीन वर्षं रोज दार उघडताना ती बोटाला लागायची, आणि रोज तो ती बाजूला सारायचा.

आखाजीला तो गावात उतरला. अंबिका नवी घागर कडेवर घेऊन विहिरीपाशीच उभी होती. ये नाही, बस नाही. टँकरवाला वर्षापूर्वीच विहीर सोडून गेला होता. कुलूप गंजलेलं, तेल घालून घालून एकदाचं उघडलं. दोघांनी मिळून जाळी सरकवली आणि आत वाकून पाहिलं. तळाशी भेगाळलेला गाळ होता.

अंबिकानं रिकामी घागर त्याच्या हातात दिली.

"व्हय, तूच हायेस," ती म्हणाली. "आता सांग भाऊ, आबांना काय पाजायचं?"